समोरची बाई

समोरच्या छोट्या कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून ती बाई आजही पिटुकलीकडेच बघत होती. मांडीवरच्या मासिकाचं एक पान तिने सकाळपासून उलटलं नव्हतं.

"बघितलंत?" सुताराची बायको हलक्या आवाजात म्हणाली. "डोळ्यांनी खाऊन टाकेल पोरीला."

"बघू दे. बघून काय झिजते का ती?" असं म्हणून सुताराने गॅसवरचा चहा उतरवला.

समुद्रालगतच्या त्या मैदानात सुट्टीला आलेल्यांच्या चाकांवरच्या खोल्या, म्हणजे कॅरॅव्हॅन, आणि तंबू दाटीवाटीने उभे होते. नळापाशी बादल्यांची रांग, दोऱ्यांवर ओले टॉवेल आणि झोपाळ्यावर 'आता माझी पाळी' म्हणून दिवसभर चाललेली भांडणं. पाच वर्षांची पिटुकली या गलक्यात अशी काही मिसळून गेली होती, की जेवायला हाका मारमारून घसा बसायचा. सगळे आपापल्या लेकराबाळांसह आले होते. एकटं माणूस काय ते एकच, समोरची बाई. आल्या दिवशीच तिने पिटुकलीसाठी पोहायची ट्यूब आणली होती. ती पिटुकलीच्या कमरेवर चढेचना.

"ही काय तान्ही आहे का आता?" बायको फटकन बोलून गेली होती.

बाई ओशाळली. "अंदाज चुकला माझा," एवढंच म्हणाली आणि ट्यूब परत घेऊन गेली.

मग एका दुपारी पिटुकली दिसेनाशी झाली. बायको झोपाळ्यांकडे धावली, न्हाणीघरांची दारं ठोठावून आली. सुतार तडक पाण्याकडे गेला. अशा वेळी बापाचे पाय आधी पाण्याकडेच वळतात. पोर सापडली खडकांपलीकडे. डबक्याशी उकिडवी बसून खेकडा बघत होती, आणि शेजारी तीच बाई.

मागून धापा टाकत आलेली बायको कडाडली, "कुणाला विचारून आणलंत हिला?"

"चुकलं माझं. खेकडा दाखव म्हणाली, म्हणून... पुन्हा नाही होणार."

"पुन्हा तशी वेळच येऊ देणार नाही मी!"

बाईने मान खाली घातली. पिटुकली मात्र कळवळून म्हणाली, "आई, ओरडू नको ना. पळून जाईल तो!"

"चला, चहा घेऊ सगळे," सुतार बाईला म्हणाला. बायकोने त्याच्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेने पाहिलं.

संध्याकाळी सगळ्यांच्या सामाईक मोरीवर दोघं भांडी घासत होती. बायको केव्हाची एकच ताटली घासत होती.

"अहो, आपण आत्ताच निघू या."

"कुठे?"

"कुठेही. घरी नको. गाडीला कॅरॅव्हॅन जोडा आणि चला."

"आणि मग?"

नळ नुसताच वाहत होता. सुताराने तो बंद केला.

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

लाकडाशी बोलण्यात सुताराचा जन्म गेला होता; माणसांशी बोलताना जीभ जड व्हायची. टायरची हवा बघतो म्हणून तो गाडीमागे गेला आणि बराच वेळ नुसताच उभा राहिला. कुणी बघितलं असतं, तर हवा त्याचीच गेली आहे असं वाटलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी पिटुकलीच्या पायात शिंपल्याची धारदार कड घुसली. रक्त बघून तिने भोकाड पसरलं. बायको कापूस घेऊन धावली. पण पोर लंगडत लंगडत सरळ त्या बाईच्या मांडीत जाऊन पडली. बाई जवळ होती, एवढंच. तरी बायकोचे पाय जागच्या जागी खिळले.

बाईने वर बायकोकडे बघितलं. "मी... बांधू?"



"आधी धुवा," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नाहीतर वाळू राहील आत." आणि हातातला कापूस तिने पुढे केला.

त्या दुपारी बायको आपण होऊन समोर गेली आणि पायरीवर बाईशेजारी बसली. तिचा आवाज सुताराला आत ऐकू येत होता.

"भाजीत कांदा दिसला की ताट सरकवते. बारीक चिरायचा, म्हणजे कळत नाही. फुगा फुटला की फार घाबरते. आणि झोपताना भिंतीकडची बाजू लागते तिला."

"रात्री रडते का?" बाईने विचारलं.

"आता नाही रडत. आधी फार रडायची."

बाईने डोळ्यांना रुमाल लावला. बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. लांबून बघणाऱ्याला त्या दोघी बहिणी वाटल्या असत्या.

सकाळी मैदानभर आवराआवर चालली होती. सुताराने गॅस बंद केला, खुर्च्या मिटल्या, पायरी आत सरकवली. मग पिटुकलीची बॅग उचलली आणि समोरच्या बाईच्या गाडीत नेऊन ठेवली. मागच्या सीटवर पिटुकलीची छोटी खुर्ची त्याने स्वतः बसवली, पट्टा ओढओढून पाहिला.

"बाबा, रविवारी येणार ना मला भेटायला?"

"येणार म्हणजे येणार," तो म्हणाला आणि तिच्या केसांवरून हात फिरवून दार लावलं.

सांभाळायला घेतलेल्या पोरीला बाईची सवय व्हावी म्हणून कोर्टाने दिलेला आठवडा संपला होता.

गाडी हलली. पिटुकलीने खिडकीतून मागे वळून जिवाच्या आकांताने हाक मारली, "आई!"

बायकोचं पाऊल आपोआप पुढे पडलं. सुताराने तिचा हात घट्ट धरला. तिने ओठ मिटून घेतले.

"ओ, बाळा," स्टिअरिंगमागून तिच्या जन्मदात्या आईने उत्तर दिलं.