दुपट्याची लोकर

शालूबाईला पायरी चढताना पाहिलं आणि खुर्शीदबीच्या हातातला लोकरीचा गुंडा निसटून फळीखाली गेला. तीन वर्षांत ही बाई तिच्या दुकानात फिरकली नव्हती. आज कळमनुरीचा आठवडी बाजार, हातात भाजीची पिशवी, पण पाय मात्र सरळ इकडेच आलेले.

"दुपट्यासाठी लोकर पायजे," शालूबाई म्हणाली. "मऊ. लेकराला टोचली न्हाई पायजे."

तीन वर्षांमागे अशीच मऊ लोकर याच फळीवरून शालूबाईची सून घेऊन गेली होती. पुनम तिचं नाव. क्रोशा ती खुर्शीदबीकडेच शिकलेली, आणि तिच्यासारखा एकसारखा टाका पुन्हा कुणाचा पडला नाही, हे खुर्शीदबी अजून नव्या पोरींना ऐकवते. तेव्हा पुनमला सातवा महिना होता. जन्माआधी बाळासाठी नवं काही आणायचं नाही, विणायचं-शिवायचं तर नाहीच, लेकरू आलं की आधी आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचं, ही इथली रीत. खुर्शीदबीला ती पाठ होती, तिच्या स्वतःच्या घरातही तेच चालत आलेलं. तरी पोरीची हौस पाहून तिने लोकर दिली, वर चांगली सुईही दिली. दुपटं निम्मं झालं आणि लेकरू पोटातच गेलं. शालूबाईने दारात, चार बायांसमोर सुनेला सुनावलं की तुझ्या सुईनं माझं नातवंड खाल्लं.

ते बोल दुकानापर्यंत आले. खुर्शीदबीने ऐकले आणि गप्प बसली. लोकर कुठली, कुणी दिली, हे कुणी विचारलं नाही, याचं तिला बरंच वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही. पुनमने त्यानंतर सुई धरली नाही.

आता पुनमला पुन्हा दिवस गेले होते. तिच्या शेजारची निलम परवाच सांगून गेली की सातवा लागलाय, पण पोरगी धास्तीने अर्धी झालीय. भाजी चिरायला घेते आणि मध्येच थांबून विचारते, यानं काही व्हायचं नाही ना?

मग ही लोकर कुणासाठी? शालूबाईची लेक वैष्णवी महिन्यापूर्वी बाळंत झाली होती. म्हणजे लेकीच्या लेकराला मऊ दुपटं आणि सुनेच्या वाट्याला नुसते बोल. खुर्शीदबीचं डोकं तडकलं. पण दारात आलेलं गिऱ्हाईक. तिने मुकाट्याने गुंडे मांडले.

पहिली लोकर केसाळ, सशासारखी. शालूबाईने हात पदराला पुसले आणि मग उचलली. हळद शिजवून-वाळवून तिची बोटं पिवळी पडली होती, चिरलीही होती. लोकरीचे केस त्या भेगांत अडकले. तिने तो गुंडा गालाला लावून पाहिला आणि परत ठेवला. दुसरी लोकर चकचकीत, पण टोक बोटात धरताच तिच्या धाग्याचे पदर सुटे झाले.

"विणणारीचा हात बसलेला असला की कोणतीबी चालते," खुर्शीदबी जरा टोचूनच म्हणाली. "वैष्णवीला जमंल."

शालूबाईने मान हलवली. जन्मात सुई न धरलेल्या बाईला जमेल अशी लोकर हवी, असं तिने सांगितलं. टाका चुकला तर दिसावा, उसवला तर गुंता होऊ नये. खुर्शीदबीने मागच्या फळीवरून सायीच्या रंगाचा जाडसर गुंडा काढला. याचे पदर सुटत नव्हते आणि तो भेगाळ बोटांतूनही सरळ सरकत होता. शालूबाईने तो गालाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"कोण शिकून राहिलं?" खुर्शीदबीने विचारलं.

"मी. पुनमच्या लेकरासाठी."

अजून दोन महिने आहेत, जन्माआधी दुपटं कसं, हे खुर्शीदबीच्या तोंडून निघूनही गेलं. शालूबाई पायरीवर टेकली आणि सांगू लागली. सुईनं काही होत नसतं, असं डॉक्टरांनी पुनमला सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, शालूबाईने स्वतः तर दहा वेळा सांगितलं. पण पोरीचा विश्वास बसत नाही. बसणार कसा, आधी उलटं तिनेच सांगितलेलं.

"दारात बसून विणीन," मग ती म्हणाली. "समद्या बायांना दिसंल असं. चांगलं झालं, तर पोरीची धास्ती जाईल. आन् न्हाई झालं, तर या खेपेला माझ्याकडं बोट दाखवतील. तिच्याकडं न्हाई."

खुर्शीदबीने गुंडे पिशवीत भरले. वर सुई ठेवली. पिशवी शालूबाईच्या हातात दिली की झालं, पुढे तिला कुणी काही विचारणार नव्हतं. मागच्यासारखंच.

तिने पिशवी पुन्हा उघडली. एक गुंडा काढून टोक शोधलं, फास घातला, पहिली साखळी ओढली. मग तीच सुई शालूबाईच्या पिवळ्या बोटांत ठेवली आणि ती बोटं आपल्या हाताने मिटवली.

"सुरुवात माझ्या हातची राहू द्या," ती म्हणाली. "आन् कुणी विचारलं तर सांगा, लोकर खुर्शीदबीनं दिली. याबी खेपेला, आन् मागल्याबी खेपेला."