पलीकडचा बाक

"पोरगी पोहायला शिकेल, पण तुमची मान काही त्या मोबाईलमधून वर यायची नाही," बायको वैतागून म्हणाली. वायरमनला ते चांगलंच झोंबलं. त्याने तिच्यासमोरच रील्सची सगळी ॲप्स उडवून टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीला पाण्यात सोडून तो तलावाकाठच्या बाकावर बसला. बोटं सारखी खिशाकडे वळत होती. शेवटी त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि समोर बघत राहिला. लेक आता पाठीवरसुद्धा पोहते, हे त्याला आज कळलं. ऊर भरून आला.

शिट्टी वाजली तशी पोरं बाहेर आली. लेक धावत सुटली, पण त्याच्याकडे नाही. ती पलीकडच्या बाकावर बसलेल्या एका माणसाकडे गेली. त्याने तिच्या चपला पुढे सरकवल्या, हातात बिस्किटाचा पुडा दिला. ती रोजच्यासारखी त्याला टेकून खाऊ लागली.

वायरमन ताडकन उठून तिकडे धावला. त्याला बघताच तो माणूस थबकला आणि घाईघाईने मागच्या फाटकातून बाहेर पडला.

"कोण गं तो?" वायरमनने धापा टाकत विचारलं.

"असं काय करता बाबा? तुमचे मित्र ना ते?" लेकीचा चेहरा पडला.

तिने मागच्या फाटकाकडे बोट दाखवलं.

"आज त्यांच्या गाडीतून जायचं ठरलंय ना? जाऊ का, म्हणून परवा इथेच तर विचारलं मी तुम्हाला. तुम्ही 'हं' म्हणालात."