पावलेला बेल्ट

"हा पुन्हा इथं कुणी टांगला?"

समाधानच्या आवाजाने शेडमधली कबुतरं उडाली, माणसं मात्र जागची हलली नाहीत. स्टोअरच्या दारामागच्या खिळ्याला खांद्या-मांड्यांवरून चढवायचा निळा सेफ्टी बेल्ट लटकत होता. वर झेंडूची माळ, बकलावर हळदकुंकू, खाली उदबत्तीची राख.

समाधानने कपाळावर हात मारला. चाकणच्या या कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर म्हणून येण्याआधी त्याने बेल्ट न घालणारी माणसं पाहिली होती, उलटा घालणारी पाहिली होती. बेल्टची पूजा करणारी इथंच भेटली.

झालं होतं असं, की छपराचा पत्रा फुटून गेनू खाली गेला आणि या बेल्टावर लोंबकळत राहिला. साधं खरचटलंही नाही. तेव्हापासून बेल्ट पावला. उंचीवरचं काम निघालं की जो तो त्याच्यासाठी भांडणार.

"अरे, झटका खाल्लेला बेल्ट आतून संपलेला असतो," समाधानने घसा फोडून सांगितलं होतं. "पाठीवरची ही खुणेची शिवण बघा. माणूस पडला की ती उसवते. उसवली की बेल्ट बाद. पुढच्या झटक्याला तुटणार आणि माणूस मरणार."

"व्हय साहेब," सगळे म्हणायचे. त्याने बेल्ट भंगारात टाकला की दुसऱ्या दिवशी तो धुऊनपुसून खिळ्यावर हजर. या लोकांपुढे डोकं आपटून आपलंच फुटायचं, हे त्याला आता कळून चुकलं होतं.

मग त्याने भांडणं मिटवायला ज्याला त्याला तसाच निळा, नवा बेल्ट मिळवून दिला. गेनूची बायको शकू मोशीत शिवणकाम करायची. गेल्या रविवारी सगळे बेल्ट तिच्याकडे पाठवून खांद्याच्या गादीवर नावाची पट्टी लावून घेतली. दुजाभाव नको म्हणून स्वतःचाही पाठवला. आणि आज पाहावं तर खिळ्यावर पुन्हा ताजी माळ!

त्याने कटर काढला. माळ ओरबाडली, पाठीवरची उसवलेली शिवण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नाचवली.

"धर रे दुसरं टोक."

गेनूने निमूट धरलं. समाधानने एकेक पट्टा कापून काढला. आता बोंबाबोंब होणार, कामबंद होणार, कुणीतरी पाया पडणार अशी त्याची खात्री होती. तसलं काहीच झालं नाही. माऊली नावाच्या फिटरने तुकडे गोळा करून पिंपात टाकले आणि वर विचारलं, "साहेब, वहिनींची तब्येत बरी हाय ना? दिवस भरत आले म्हनं."

"बरी आहे. विषय बदलू नका."

"विषय कुठं बदलला?" माऊली हसला.

ही शांतता समाधानला भांडणापेक्षा जास्त झोंबली. मनातून यांना काही पटलेलं नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. "आता साधे बेल्ट घालून छपरावर जायचं. आहे तयारी?"

"हाय की," गेनू म्हणाला. "पन आधी तुमी."

"मीच! लटकून दाखवतो. मग तरी डोक्यात प्रकाश पडेल."

गेनू धावत केबिनमधून त्याचा बेल्ट घेऊन आला. खांद्यावर 'समाधान' अशी पट्टी होती. रोज समाधान प्रत्येकाचा बेल्ट पालथा घालून तपासायचा. आज सकाळ ओरडण्यात गेली होती, आणि त्याचा तपासायला सांगणारं कुणी नव्हतं. गेनूनेच तो त्याच्या अंगावर चढवला. देवाला वस्त्र नेसवावं तसा एकेक पट्टा सारखा केला, बकलं लावली. एका बकलाला जरासा पिवळा डाग होता. समाधानने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मघाची माळ ओरबाडताना तीही पिवळी झाली होती.

सगळे छपरावर आले. समाधानने हूक पोलादी दोरात अडकवला आणि कडेला पाठ करून उभा राहिला.

"बघा नीट. माळ नाही, हळद नाही. तरी हा धरणार. का? कारण याने अजून कुणाला झेललेलं नाही."

त्याने कडेबाहेर पाऊल टाकलं. दोर ताठ झाला, एक हिसका बसला. खाली खोल फोर्कलिफ्ट खेळण्याएवढी दिसत होती. तो अधांतरी झुलत राहिला. कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं.

"आता पटलं?"

गेनू कडेवर पालथा झोपून खाली वाकला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आमाला कवाच पटलंय, साहेब. तुमी आमच्यापायी एवढं वरडता, आन् घरी वहिनी अवघडलेली. म्हनून शकूनं रविवारी ह्या पावलेल्या बेल्टाची उसवलेली शिवण घातली, तुमच्या बेल्टाची उसवली, आन् नावाची पट्टी ह्येला लावली. सकाळी कापला त्यो तुमचा हुता."