यंदाचा जुलै

"आज सांगतोयस की नाही?" अनुपमाने विचारलं.

शैलेंद्रने रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि परत ठेवून दिला. "लाइन बिझी आहे," तो म्हणाला. नंबर त्याने अजून फिरवलाच नव्हता.

अबुधाबीतल्या त्यांच्या फ्लॅटमधून दर शुक्रवारी कोल्हापूरला फोन जायचा. सुट्टीचा दिवस, दरही कमी. गेले कित्येक शुक्रवार आईशी उकाडा, बाबांचे गुडघे, ईशानीचे मार्क्स सगळं बोलून व्हायचं आणि मुख्य गोष्ट तेवढी राहायची. गोष्ट एवढीच होती, की यंदा जुलैत ते कोल्हापूरला जाणार नव्हते. इटलीला जाणार होते.

अनुपमाच्या बँकेत भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्याच्या सप्टेंबरच्या पानावर इटलीतले द्राक्षमळे होते आणि ते पान तिने डिसेंबरपर्यंत कुणाला उलटू दिलं नव्हतं. टस्कनीतलं एक फार्महाउस तिनेच शोधलं. मळ्यात राहायचं, संध्याकाळी वाइन चाखायची. शैलेंद्र थेंबालाही शिवत नसे आणि अनुपमाची मजल ऑफिसच्या न्यू इयर पार्टीतल्या अर्ध्या ग्लासापुढे गेली नव्हती. पण इतक्या वर्षांत प्रथमच ती सुट्टीबद्दल बोलताना हसत होती. एरवी सुट्टी म्हणजे बॅगा उघडायच्या, वाटावाटी करायची, रोज कुणाकडे तरी जेवायला जायचं आणि आणखी दमून परत यायचं.

फार्महाउसच्या मालकीणबाईंचा फॅक्स आला होता. उद्यापर्यंत कळवलं नाही, तर खोल्या दुसऱ्या कुणाला जाणार होत्या. पुढच्या जुलैत ईशानी दहावीत. म्हणजे यंदा नाही तर मग कधी, ते देवालाच ठाऊक.

शैलेंद्रने एसी वाढवला. मग कमी केला. खिडकीशी गेला, परत आला. येताना पलंगाखालून डोकावणाऱ्या बॅगेवर त्याचा अंगठा आपटला. ती इंडियाची बॅग. वर्षभर तिच्यात बाबांचं शेव्हिंग क्रीम, खजूर, बदाम असं काहीबाही साठत जायचं.

"तिकडे आईने आंब्याचा रस बाटल्यांत भरून ठेवला असेल," तो अंगठा चोळत म्हणाला. "बाबांनी वरच्या खोलीला रंग काढला असेल. वर्षभर वाट बघतात गं ती दोघं."

"मागच्या शुक्रवारी आईच म्हणाल्या ना, रजेचं कठीण असेल तर ओढाताण करू नका म्हणून?"

"मन मारून बोलते ती! तुला नाही कळायचं." दर वर्षी आई असं म्हणायची. मग तो आणखी दोन दिवस रजा वाढवून घ्यायचा.

"जस्ट टेल हर, बाबा," ईशानी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. "इट्स नॉट अ क्राइम."

"यल्ला, शैलेंद्र, चल लवकर! नाहीतर मी सांगते," म्हणत अनुपमाने स्वतःच नंबर फिरवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडे आईचा हॅलो आला.

"आई," शैलेंद्र म्हणाला, आणि मग त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. "यंदा जुलैत आम्ही येत नाहीये. इटलीला जातोय. अनुपमाची फार इच्छा आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. डिसेंबरमध्ये मी एकटा चार दिवस येऊन जातो, नक्की."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. शैलेंद्रने डोळे मिटून घेतले. अनुपमाचाही चेहरा उतरला.

"नक्की ना रे?" आईने हळूच विचारलं. "मागाहून बदलणार नाही ना?"

"नाही."

"अहो, ऐकलंत का!" आई आता फोनमध्ये बोलत नव्हती, घरात ओरडत होती. "शैलू येत नाहीये! मुरलीधररावांना फोन लावा आधी! आपली दोन नावं घाला म्हणावं!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा लांबून म्हणाले, "खरंच? तिकिटं मिळतील ना आता?"

"कसली नावं?" शैलेंद्रने विचारलं.

"अरे, गढवालातली फुलांची दरी! यांच्या कॉलेजातले सगळे दर जुलैत जातात, मुरलीधररावच नेतात. यांनी जन्मभर बॉटनी शिकवली आणि ती फुलं फक्त पुस्तकात बघितली. फुलं काय तुमच्या रजेसाठी थांबतात? यंदा गुडघे आहेत तोवर जाऊन येतो. मी खेचरावर बसेन."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार, बाळा? तुम्ही एवढ्या लांबून, एवढ्या आशेने येता. तुमचं मन मोडवत नव्हतं."

अनुपमा तोंडावर हात दाबून हसत सुटली. ईशानीने पुस्तक मिटलं. शैलेंद्रचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो काही पडेना. उलट लहानपणी कुणी खेळायला घेतलं नाही की वाटायचं, तसं त्याला वाटत होतं.

"आणि आंब्याचा रस?" त्याने विचारलं.

"तो आम्ही खाऊ रे. तुम्ही मजा करा तिकडे. आणि हे बघ, शैलू," आई घाईघाईने म्हणाली, "पुढच्या वर्षी यायचं असलं, तर आधी विचारून ठरव हं."