कोंडसुऱ्याची काजळी

बर्फावरचे काळे ठिपके नळीने ओढून घ्यायचे, हे ध्रुवावरच्या तळावर हेमांगीचं काम. काजळी राहिली की ऊन धरते आणि बर्फ वितळतो. कण कुठल्या धुरातला, तेही यंत्र सांगायचं. रोज तेच: ट्रक, भट्ट्या, वणवे.

आज यंत्र म्हणालं, "चिता. कोंडसुरे गाव, बारा जुलै. आंब्याचं ओलं लाकूड, टायर."

कोंडसुरे हेमांगीचं गाव. त्या दिवशी गावात एकच चिता पेटली होती, तिच्या वडिलांची. तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"वसंता, सुकी लाकडं आणि चंदन घातलं म्हणालास ना?"

"ताई, पाऊस खळेना. लाकडं पेटेनात. आप्पांना तसंच अर्धवट ठेवणार होतो का?"

तिने फोन ठेवला. ठिपक्याभोवती बर्फ विरघळून ओंजळभर पाणी साचलं होतं. दहाव्याला तिला गावी जाता आलं नव्हतं; लेकीच्या हातचं पाणी आप्पांना मिळालंच नव्हतं.

ते घ्यायला आप्पा इथवर आले होते.

नळी लावायला तिचा हात उचलेना.