संत वोल्मारचा दिवस

मठाच्या कारभाऱ्याचे घोडे पुलावरून टापा वाजवत आले, तेव्हा गेपाचे हात कोपरापर्यंत जवाच्या हौदात होते. तिनं ते तसेच बाहेर ओढले आणि आधी कमरेची दोरी चाचपली. तीनशे पासष्ट गाठी. एकच गाठ मारायची राहिली होती, उद्याची.

"आला मेला!" दारातून ओस्ट्रिड मावशी म्हणाली. बिअरची भट्टी तिची होती. "एक दिवस दम निघाला नाही त्याला."

मठाच्या जमिनीवर जन्मलेलं माणूस बैलासारखं मठाचंच. पण पळून येऊन जो या नगरात एक वर्ष आणि वर एक दिवस राहिला, तो कुणाचाच नाही, स्वतःचा. असा इथला कायदा, आणि त्यावर सम्राटाचा शिक्का. उद्या सूर्य मावळला की गेपा सुटणार होती.

"पळू का, मावशी?"

"पळ, आणि पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरू कर! वेडी कुठली. चल, तोंड बंद ठेव आणि मला चिकटून उभी राहा."

चर्चच्या दारात पंच जमले होते आणि त्यांच्यामागे सगळा बाजार लोटला होता. तीन दिवसांपूर्वीच्या उत्सवाच्या माळा दारावर अजून लोंबत होत्या, सुकून कडक झालेल्या. कारभारी डीटमार नेमका त्यांच्याखाली येऊन उभा राहिला. एक माळ डोक्याला लागली, ती त्यानं माशी हाकलावी तशी बाजूला सारली.

"दावा सांगा," पंचांचा म्होरक्या हार्टविन म्हणाला. तो खोगिरं शिवायचा. "कुठल्या दिवशी पळाली तेही सांगा. पुस्तकावर हात ठेवून, तीनदा. तिसऱ्यांदा बोललेलं मागे घेता येत नाही."

"मला कायदा शिकवतोस? तू आपली खोगिरं शीव." डीटमारनं पुस्तकावर हात ठेवला. "ही गेपा मठाची आहे. गेल्या साली संत वोल्मारच्या दिवशी पळाली."

खरं होतं ते. वोल्मारच्या दिवशीच, सगळा मठ पिऊन लोळत असताना, ती कुंपणावरून उतरली होती. आज मठात पुन्हा तोच उत्सव असणार. मेजवानी टाकून आला होता कारभारी, तिच्यासाठी.

ओस्ट्रिड मात्र दारावरच्या माळांकडे बघत होती. एकदम तिचे डोळे लकाकले.

"ऐकू नाही आलं, कारभारी!" ती ओरडली. "मठात पोटभर जेवायला घालत नाहीत काय?"

बाजार हसला. डीटमार लालबुंद झाला. "संत वोल्मारच्या दिवशी!" तो गरजला. आणि तिसऱ्यांदा तर छाती फुगवून, पार नदीपर्यंत ऐकू जाईल असा: "संत वोल्मारच्या दिवशी पळाली!"

हार्टविन गेपाकडे वळला. "पोरी, तुला मान्य आहे हे?"

गेपानं तोंड उघडलं तोच ओस्ट्रिडनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "माळा बघ, गाढवे," ती पुटपुटली.

गेपानं पाहिलं. मधली माळ तिनंच ओवली होती, तीन दिवसांपूर्वी. वोल्मारच्या उत्सवासाठी.

संताच्या अवशेषांपैकी मठाकडे डोकं होतं, नगराकडे उजवा हात. मठ संताच्या मरणाचा दिवस पाळायचा. नगर पाळायचं तो दिवस, ज्या दिवशी तो हात नावेतून इथल्या घाटावर उतरला. म्हणजे तीन दिवस आधी. शंभर वर्षं दोघं एकमेकांच्या उत्सवाला खोटं म्हणत आले होते. मठाच्या लेखी नगराचा वोल्मार नव्हताच.

गेपा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"मठाचे कारभारी देवाच्या पुस्तकावर हात ठेवून खोटं कसं बोलतील?"

मग हार्टविनच्या मिशा थरथरायला लागल्या.

"वोल्मार होऊन तीन दिवस झाले," तो म्हणाला. "म्हणजे वर्ष भरलं. वरचा एक दिवस भरला. आणि आणखी दोन दिवस मठाला आमच्याकडून भेट!"

"आमचा वोल्मार आज आहे!" डीटमार किंचाळला. "खरा वोल्मार!"

"आणि आमचा खोटा?" नगराचे म्हातारे धर्मगुरू काठी आपटत पुढे आले. "त्याच्याच चर्चच्या दारात उभा राहून, त्याच्याच पुस्तकावर हात ठेवून म्हणतोस? म्हण. पुन्हा एकदा म्हण."

डीटमारनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे सरकत चाललेल्या कसायांकडे, कोळणींकडे, ओस्ट्रिडच्या हातातल्या ढवळण्याकडे. तो घोड्यावर चढला, तेव्हा सुकलेलं एक फूल त्याच्या टोपीला अडकलेलं होतं आणि ते कुणीही त्याला सांगितलं नाही.

मग कोणी तरी घंटा वाजवायला धावलं. भट्टीतलं पिंप लोटत लोटत चौकात आलं, ओस्ट्रिड पैसे न घेता पेले भरायला लागली, आणि हे असं पुन्हा कधी होणार नाही हे जाणून लोक दोन्ही हात पुढे करू लागले. गेपा एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. कोण कोण येऊन तिला मिठी मारत होतं, तिला कळत नव्हतं.

हार्टविन मिशांवरचा फेस पुसत जवळ आला.

"आता खरं सांग. कुठल्या वोल्मारला आलीस गं? आमच्या की त्यांच्या?"

गेपानं कमरेची दोरी मुठीत घट्ट धरली.

"उद्या सांगते, दादा," ती म्हणाली. "दिवस मावळल्यावर."