बारावी खुर्ची

सुभद्राने रबरी हातमोजे चढवले आणि नवऱ्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. पट्टी सोडली. तळव्याची जखम आणखी काळी पडली होती. तिने ती धुतली, मलम लावलं, नवी पट्टी बांधली.

"दुखतंय," सीताराम म्हणाला.

"पाय हलवू नका."

सोमवारी हा पाय गुडघ्यापासून कापायचा होता.

"आयसीयूतल्या सिस्टरपण पेशंटशी याहून जास्त बोलतात, आई," श्रेया आरशासमोर केस बांधत म्हणाली. ती चर्चच्या कोयरमध्ये गायची. आज ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता, संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा, मोठी प्रार्थना होती. ती लवकर निघून गेली.

श्रेया चौथीत असताना सीताराम दुसऱ्या बाईकडे शीव कोळीवाड्याला राहायला गेला होता. ती बाई गेल्या वर्षी वारली. दिवाळीत तिच्या मुलांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा एक पिशवी आणि सडत चाललेला पाय घेऊन तो करी रोडला आला. चाळीच्या जागी टॉवर उभा होता. वॉचमनने इंटरकॉमवरून विचारलं. सुभद्रा एवढंच म्हणाली, "पाठवा वर."

चर्चमध्ये लोक म्हणू लागले, प्रेम असावं तर असं. सुभद्राला ते ऐकवत नसे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सीतारामने तिच्यासाठी चहा केला होता. तिने तो त्याच्यादेखत सिंकमध्ये ओतला आणि स्वतःचा वेगळा करून घेतला. त्यानंतर तिने त्याला घरातल्या कशाला हात लावू दिला नाही. सगळं ती करायची, वेळेवर आणि स्वच्छ. तो तिच्या उपकारांत रोज थोडा थोडा बुडत होता. तिला ते दिसत होतं. तिला तेच हवं होतं.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्यांत सुभद्राचं नाव होतं. ते जाहीर करताना फादर एलायस म्हणाले होते, "दरवर्षी सगळे पाय घासूनपुसून येता. गेल्या वर्षी एक जण तर पेडिक्युअर करून आला. मग मी काय धुवायचं? या वेळी घरून धुऊन येऊ नका." लोक हसले. सुभद्राने साडीखाली पाय ओढून घेतले.

आता तिने घमेल्यात पाणी घेतलं आणि खुर्चीवर बसली.

"फादर नको म्हणाले ना?" सीतारामने विचारलं.

"चारचौघांत भेगा दाखवू?"

तो कॉटवरून खाली उतरला. पट्टीचा पाय एका बाजूला टाकून, दुसरा गुडघा टेकून तो घमेल्याशी आला आणि त्याने तिचं पाऊल धरलं.

"सोडा."

"सोमवारनंतर मला असं बसता यायचं नाही."

"सोडा म्हणते ना."

"माझ्या हातचं काहीच घेत नाहीस तू. शिव्या तरी दे एक डाव."

सुभद्रा म्हणाली, "श्रेयाला टायफॉइड झाला. वॉर्डात मी एकटी बसून होते. कुठं होता तेव्हा?"

"तिकडंच. कळलं होतं मला."

"कळलं होतं?"

"हो. आलो नाही."

तिने पाय हिसडला. पाणी त्याच्या तोंडावर उडालं, पट्टी भिजली. आणि ती बोलत सुटली. इतकी वर्षं घशाखाली ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. जन्मात कधी तोंडातून न निघालेल्या शिव्या निघाल्या. शेजारच्यांनी दार उघडून पुन्हा लावल्याचा आवाज आला. सीतारामने काही नाकारलं नाही. तोंडही पुसलं नाही. तिचं पाऊल त्याने पुन्हा पाण्यात घेतलं आणि टाचेच्या भेगांतला मळ तो अंगठ्याने काढत राहिला. त्याच्या हातात मोजे नव्हते.

शेवटी तिचे शब्द संपले. ती त्याच्या टकलाकडे पाहत राहिली.

मग दुसरा पाय तिने स्वतः पाण्यात ठेवला.

मिस्सेला ती उशिरा पोचली. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या, शेवटची रिकामी होती. ती तिच्यावर जाऊन बसली. फादर एलायस एकेकापुढे गुडघे टेकत, पाणी घालत, टॉवेलने टिपत पुढे सरकत होते. वर कोयर गात होता. श्रेया आईकडे बघत होती.

फादर शेवटच्या खुर्चीशी आले आणि थांबले. सुभद्राने चपला काढल्या नव्हत्या.

"सुभद्राबाई, पाय," ते हळूच म्हणाले.

तिने मान हलवली.

"माफ करा, फादर. मी घरून धुऊन आलेय."